गाडीचा पट्टा आणि पहाटेची ऑर्डर

आमच्या गल्लीत पहाटे पाचच्या सुमारास दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक नळाला पाणी आल्यावर हंड्या-कळशांचा, आणि दुसरा आमच्या भाच्याच्या गाडीचा. चावी फिरवली की मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तशी ती गाडी किंचाळते. उन्हाळ्यात दोन-तीन सेकंद ओरडून गप्प बसत असे. पावसाळा लागल्यावर मात्र गल्लीच्या टोकापर्यंत किंचाळतच जाऊ लागली. समोरच्या आजी त्याला म्हणत, "तुझ्या गाडीमुळं घड्याळाचा गजर लावावा लागत नाही बघ." भाचा हसून सोडून देई.

आम्हाला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसत नव्हते. त्या आवाजाची किंमत आम्ही एकदा मोजलेली आहे.

गोष्ट २००९ सालची. तेव्हा आमच्याकडे हप्त्यावर घेतलेली जुनी मारुती ८०० होती. संगमनेरकडे एका लग्नाला निघालो होतो. कल्याण सोडले, मुरबाड सोडले, टोकावड्याच्या पुढे आल्यावर बॉनेटखाली फटकन आवाज झाला आणि समोरच्या काचेखाली बॅटरीचा लाल दिवा लागला. गाडी तर छान चालत होती. आम्ही म्हटले, बॅटरीचाच दिवा आहे, दिवसाउजेडी हेडलाइट लागत नाहीत, लग्न उरकून आल्यावर पाहू. माळशेजचा चढ लागला. चौथ्या-पाचव्या वळणावर उष्णतेचा काटा लाल रेघेला जाऊन भिडला. तरीही आम्ही "ते वळण घेऊ, तिथे सावली आहे" असे म्हणत गाडी रेटली. सावलीत पोहोचलो तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती आणि इंजिन आपणहून बंद पडले होते.

तुटला होता तो एक रबराचा पट्टा. त्या काळी त्याला दोनशे रुपयेसुद्धा पडत नव्हते. पण तोच पट्टा इंजिनात पाणी फिरवणारा पंपही चालवतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पाणी फिरायचे थांबले, इंजिन आतून भाजले, वरचे हेड वाकले, गॅस्केट जळाले. टेम्पोला बांधून गाडी परत आणली. दुरुस्तीत गाडीचे तीन हप्ते गेले आणि लग्न चुकले ते चुकलेच. नवरीच्या मामांनी अजूनही ते आम्हाला ऐकवायचे सोडलेले नाही.

म्हणून आज या पट्ट्याविषयी लिहितो आहोत. आपल्या वस्त्यांत आता पुष्कळ घरांसमोर जुनी का होईना, एक गाडी उभी दिसते. कोणी ओला-उबरला लावली आहे, कोणी शाळेची मुले ने-आण करतो, कोणी केटरिंगचे डबे पोहोचवतो. त्या गाडीवर घर चालते. आणि घर चालवणाऱ्या गाडीचा पट्टा तीन-चार पाने आणि दोन तास हाताशी असतील तर घरच्या घरी बदलता येतो. सर्व गाड्यांचा नाही; ते पुढे सांगतो.

गॅरेजवाले त्याला फॅनबेल्ट म्हणतात. हे नाव जुन्या गाड्यांचे. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत रेडिएटरपुढचा पंखा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावरच बसवलेला असे आणि तो या पट्ट्याने फिरे. जुने टॅक्सीवाले एक जादा फॅनबेल्ट डिकीत ठेवूनच धंद्याला निघत. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. आताच्या छोट्या गाड्यांचा पंखा विजेच्या मोटारीवर चालतो, त्याचा पट्ट्याशी काही संबंध उरलेला नाही; पण नाव मात्र तेच राहिले.

पट्ट्याचे काम सोपे आहे. इंजिनाच्या खालच्या अंगाला मुख्य दांड्यावर एक चाकी असते. इंजिन फिरले की ती फिरते. तिच्यावरून पट्टा निघतो आणि वरच्या चाक्या फिरवतो. एक चाकी अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या यंत्राची. जुनी माणसे त्याला डायनॅमो म्हणतात. दुसरी पाण्याच्या पंपाची. एसी असेल तर त्याच्या कॉम्प्रेसरची आणखी एक, आणि काही गाड्यांत हलक्या स्टिअरिंगच्या पंपाचीही. कुठे सगळ्यांना मिळून एकच लांब पट्टा असतो, कुठे दोन वेगवेगळे. काही गाड्यांत पाण्याचा पंप या पट्ट्यावर नसतो, आतल्या टायमिंग बेल्टवर असतो. आपल्या गाडीत पट्टा काय काय चालवतो हे बॉनेट उघडून, टॉर्च मारून एकदा पाहून ठेवावे. बॅटरीचा लाल दिवा लागला तर तेवढ्या माहितीवर इंजिन वाचते.

पट्टा म्हटला की आमच्या पिढीला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे कचेरीतल्या पट्टेवाल्याचा पट्टा. आमच्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी तो छातीवर वागवला आणि त्यावर पोरांची शिक्षणे केली. दुसरा गिरणीतला. जुन्या कापड गिरण्यांत माळ्याच्या छताखालून लांब लोखंडी दांडा फिरे आणि त्यावरून खाली एकेका यंत्रावर चामड्याचा पट्टा उतरे. साचाखात्यात मात्र अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. माग फिरवायला चामड्याचा पट्टा चालत होता, आमच्या माणसाचा हात चालत नव्हता. असो. विषय गाडीचा आहे.

भाच्याकडे परत येऊ. भाचा आणि भाचेसून दोघे मिळून केटरिंगचा धंदा करतात. गाडी जुनी अल्टो. मागची सीट दुमडली की पातेली बसतात. गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी दोघे आमच्याकडे आली. रविवारी सकाळी साखरपुड्याची दीडशे पानांची ऑर्डर होती आणि पहाटे साडेपाचला पहिली खेप निघायची होती. भाचा म्हणाला, "मामा, आज आवाज बंद झाला."

"बंद झाला? मग बरेच झाले की."

"नाही ना. आवाज गेला, पण आता लाल दिवा मधूनच लुकलुकतोय."

आम्ही चहा तसाच ठेवून उठलो. बॉनेट उघडून पट्टा बोटाने दाबला तर तो अंगठाभर आत गेला. उलटा करून पाहिला तर आतल्या बाजूच्या धारा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या आणि दोन ठिकाणी रबराचा लचका निघालेला. चाकीवर तो घसरत होता, धरत नव्हता.

पट्टा जायला आला आहे हे कसे ओळखावे, ते इथेच सांगतो. गाडी सुरू करताना, हेडलाइट लावताना किंवा एसी चालू करताना किंचाळणे ही पहिली खूण. जुन्या पट्ट्यांना म्हातारपणी आडव्या भेगा पडत आणि त्या पाहून लोक पट्टा बदलत. अलीकडचे पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. ते झिजतात, पण त्यांना लवकर भेगा पडत नाहीत. तेव्हा भेगा नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. धारांमधल्या खाचा उथळ झाल्या आहेत का, कड फाटून दोरे निघाले आहेत का, पट्टा चकाकतो आहे का, हे पाहावे. त्याच्यावर तेल किंवा कूलंट गळत असेल तर आधी ती गळती बंद करावी, नाहीतर नवा पट्टाही तिसऱ्या महिन्यात फुगेल.

आणखी एक युक्ती. इंजिन चालू असताना लांबूनच, बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, पट्ट्याच्या धारांच्या बाजूवर थोडे साधे पाणी उडवावे. आवाज क्षणभर थांबला तर चाक्या एका रेषेत नाहीत असा संशय घ्यावा. आवाज उलट वाढला तर पट्टा सैल आहे. काही जण किंचाळणाऱ्या पट्ट्याला साबण, मेणबत्ती, पावडर असे काहीबाही लावतात. दोन दिवस आवाज जातो आणि पट्टा आणखी घसरू लागतो. भाच्याने तेच केले होते. साबणाची वडी त्याने आमच्यापासून लपवली, पण वास लपेना.

आता त्या शनिवारच्या कामाकडे. ओळखीचे गॅरेज बंद झाले होते. दुसऱ्या एका गॅरेजवर भाचा जायला तयार नव्हता, आणि त्याला कारणही होते. दोन वर्षांपूर्वी तिथे पट्टा बदलला तेव्हा तो सतारीच्या तारेसारखा ताणून बसवला होता. "सैल पडायची चिंता नाही" असे वर सांगितले. चार-पाच महिन्यांत अल्टरनेटरचे बेअरिंग घुमू लागले आणि नवीन घालावे लागले. पट्ट्याच्या कितीतरी पट खर्च झाला. सैल पट्टा ओरडून आपले दुखणे सांगतो तरी. फार ताणलेला पट्टा मुकाट्याने बेअरिंगे खातो.

भाचा साडेसातला स्पेअरपार्टच्या दुकानात गेला आणि गाडीचे नाव सांगून दोन पट्टे घेऊन आला. एक अल्टरनेटर-पंपाचा, दुसरा एसीचा. आमची चूक अशी झाली की जुना पट्टा काढण्याआधीच त्याला पाठवले. ती चूक कशी भोवली ते पुढे येईल.

कामाला हात घालण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. चावी काढून खिशात टाकावी, गाडीत ठेवू नये. कोणीतरी पोर हौसेने फिरवते. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि बॅटरीची वजा बाजूची तार सोडवून बाजूला करावी. अल्टरनेटरच्या मागे जी जाड तार येते ती थेट बॅटरीला जोडलेली असते. पाना तिला आणि इंजिनाच्या लोखंडाला एकदम लागला तर ठिणगी उडते, तार जळते, हात भाजतो. शिवाय विजेवरचा पंखा काही गाड्यांत चावी काढलेली असतानाही अचानक सुरू होतो. तार सुटली की ही दोन्ही भये जातात.

भाचेसून म्हणाली, "मामा, मी करते. ह्यांचा हात तिथे जात नाही." खरेच होते. अल्टोच्या त्या फटीत भाच्याचा पंजा अडकत होता. आम्ही तिला बांगड्या आणि अंगठी काढायला लावली, ओढणी घरात ठेवायला लावली, केस बांधायला लावले. तिला वाटले मामा फार करतात. पण नुसते सुरू ठेवलेले इंजिन मिनिटाला सुमारे आठशे फेरे घेते, म्हणजे सेकंदाला तेरा. ओढणीचे टोक त्या चाकीत गेले तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. काम बंद इंजिनावर करायचे असले तरी शेवटी इंजिन सुरू करून पाहायचे असतेच, आणि तेव्हा माणूस वाकून बघतो. म्हणून हे सगळे आधीच काढलेले बरे.

खालच्या चाकीपर्यंत पोहोचायला त्या बाजूचे पुढचे चाक काढावे लागले. जॅक लावला, पण नुसत्या जॅकवर भरवसा ठेवला नाही. शेजारच्या वेल्डरकडून लोखंडी घोडी आणून खाली लावली, मग चाक काढले आणि ते चाकही गाडीखाली आडवे सरकवून ठेवले. जॅक निसटला तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नये, एका मिनिटासाठीही नाही. या बाबतीत आमच्याशी वाद घालू नये.

जुना पट्टा काढण्याआधी भाचेसुनेने मोबाइलवर तीन फोटो काढले. पट्टा कोणत्या चाकीवरून कसा गेला आहे ते तासाभराने आठवत नाही. आमच्या वेळी आम्ही सिगारेटच्या पाकिटावर पेन्सिलीने आकृती काढत असू, तेही चालते.

अल्टरनेटर दोन बोल्टांवर धरलेला असतो. एक बोल्ट बिजागरीसारखा, ज्याच्यावर तो झुलतो. दुसरा लांबट खाचेच्या पट्टीतला, जो ताण ठरवतो. बारा आणि चौदा नंबरच्या पान्यांनी दोन्ही सैल केले. पूर्ण काढायचे नसतात. मग अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की पट्टा ढिला पडून हातात येतो. या गाडीत एसीचा पट्टा बाहेरच्या अंगाला होता, म्हणून आधी तो सैल करून उतरवावा लागला.

पट्टे निघाले की घाई करू नये. हीच वेळ चाक्या तपासायची; पट्टा चढल्यावर हे कळत नाही. एकेक चाकी हाताने फिरवावी. खरखर करते का, धरून हलवली तर डुलते का, ते पाहावे. पाण्याच्या पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक असते. त्याच्या खाली गंजाचा किंवा कूलंटच्या रंगाचा ओघळ दिसला तर पंप जाण्याच्या वाटेवर आहे आणि नव्या पट्ट्याचे पैसे अर्धे वाया गेले असे समजावे. आमच्या गाडीचा पंप कोरडा होता. चाक्यांच्या खाचांत मात्र काळे रबर आणि साबण साचला होता. तो जुन्या टूथब्रशने काढला. चाकी पुसताना पेट्रोल-डिझेलने भिजलेले फडके घेऊ नये, कोरडेच घ्यावे.

आता ती चूक. नवा पट्टा चढवला, अल्टरनेटर बाहेर ओढला, ओढत ओढत खाचेच्या टोकापर्यंत नेला, तरी पट्टा सैलच. दुकानदाराने लांब पट्टा दिला होता. रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. भाच्याचा चेहरा उतरला. घरात दीडशे पानांचे मसाले वाटून ठेवलेले, आणि दारात गाडी तीन चाकांवर.

भाचेसून काही न बोलता जुना पट्टा घेऊन मोरीत गेली. साबण लावून घासला, पुसला आणि मोबाइलच्या उजेडात पाठीवरची पुसट अक्षरे वाचली. पट्ट्याच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. समजा ४पीके ८५० असे लिहिले असेल, तर पट्ट्याला चार धारा आहेत, पीके हा धारांचा प्रकार आणि ८५० ही मिलिमीटरमधली लांबी. धारा मोजून आणि हा आकडा सांगून पट्टा मागावा. नुसते गाडीचे नाव सांगू नये, कारण एकाच नावाच्या गाडीत एसी असलेली आणि नसलेली, जुने इंजिन आणि नवे इंजिन असे फरक असतात. जुना पट्टा नव्याशेजारी टांगून पाहावा, पण वापराने जुना थोडा लांबलेला असतो हे ध्यानात ठेवावे. आकड्यावर विश्वास ठेवावा. भाचा स्कूटरवर धावला. दुकानाचे शटर निम्मे खाली आले होते. दुकानदार भला माणूस, बदलून दिले.

दुसऱ्यांदा चढवताना आधी खालच्या चाकीवर, मग पंपावर आणि शेवटी अल्टरनेटरवर. पट्टा हाताने चढला पाहिजे. स्क्रू-ड्रायव्हरने उपसून चढवला तर आतले दोरे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. स्टार्टर मारून पट्टा चढवण्याची युक्ती काही जण सांगतात. त्या युक्तीत बोटे गेलेला एक माणूस आम्ही पाहिला आहे.

"मामा, इथे एक धार बाहेर लोंबतेय," भाचेसून म्हणाली. आम्ही वरून टॉर्च मारून पाहिले होते आणि सगळे ठीक आहे असे जाहीर करून टाकले होते. तिने खालच्या चाकीवर बोट फिरवले तेव्हा कळले की पट्टा एक खाच सोडून बसला आहे. तसाच सुरू केला असता तर दहा-पंधरा किलोमीटरमध्ये कड उसवली असती. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नये. प्रत्येक चाकीवर दोन्ही कडांना बोट लावून पाहावे.

ताण द्यायची रीत अशी. अल्टरनेटर आणि इंजिन यांच्यामध्ये लाकडी दांडा घालून अल्टरनेटर बाहेर रेटावा. लोखंडी पहार लावली तर त्याचे अॅल्युमिनियमचे अंग फुटू शकते. रेटून धरले असतानाच खाचेतला बोल्ट आवळावा, मग बिजागरीचा. दोन चाक्यांमधला पट्ट्याचा सर्वांत लांब भाग अंगठ्याने जोर लावून दाबून पाहावा. दहा किलोचा जोर म्हणजे अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतका. अशा छोट्या गाड्यांत पट्टा साधारण ६ ते ९ मिलिमीटर दबावा, म्हणजे करंगळीच्या जाडीहून थोडा कमी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच खरा. आमच्या अंगठ्यापेक्षा पुस्तक बरे.

नंतर खालच्या चाकीच्या मधल्या बोल्टला पाना लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने हाताने दोन फेरे दिले. पट्टा कुठे चढतो-उतरतो का पाहिले. एसीचा पट्टा चढवला. चाक बसवले, घोडी काढली, बॅटरीची तार जोडली, आणि बॉनेटखाली राहिलेले पाने मोजले. पाच नेले होते, चार हातात होते. पाचवा अल्टरनेटरच्या कुशीत पडलेला सापडला. हे मोजायला विसरू नये.

इंजिन सुरू केले. लाल दिवा लागला आणि विझला. हेडलाइट लावले, एसी चालू केला, आवाज नाही. मल्टिमीटर होता म्हणून बॅटरीच्या टोकांना लावला, १४ व्होल्टच्या आसपास काटा आला. साधारण साडेतेरा ते साडेचौदा आले की अशा जुन्या गाडीचा अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे असे समजावे. दहा मिनिटे चालवून, बंद करून, ताण पुन्हा दाबून पाहिला. पावणेअकरा वाजले होते.

घरी कोणते काम करू नये तेही सांगितले पाहिजे. ज्या गाडीत अल्टरनेटरला ताणाची खाच नाही, स्प्रिंगची चाकी आपणहून ताण देते, तिथे पट्ट्याची वाट नीट कळल्याशिवाय हात घालू नये. स्प्रिंगचा जोर मोठा असतो. काही नव्या गाड्यांत रबरासारखा लवचीक पट्टा असतो. त्याला ताण देण्याची सोयच नसते आणि तो खास हत्याराने चढवावा लागतो. आणि प्लास्टिकच्या झाकणाआड असलेला टायमिंग बेल्ट तर घरी मुळीच उघडू नये. अल्टोच्या आठशे सीसीच्या जुन्या इंजिनात तो आहे. तो दात्यांचा पट्टा इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाची वेळ जुळवतो. एक दात चुकला तरी इंजिन नीट चालत नाही, आणि पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. बाहेरचा पट्टा चुकला तर आवाज येतो. आतला चुकला तर इंजिन उतरवावे लागते. तिथे जाणत्या माणसाला पैसे द्यावेत.

आणि रस्त्यातच पट्टा तुटला तर? लाल दिवा लागताच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, आमच्यासारखी सावली शोधत बसू नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले असू शकते आणि झाकण सैल होताच उकळून तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. अर्धा-पाऊण तास बसावे. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर पट्टा चढल्याशिवाय गाडी हलवू नये, उतार असला तरी नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला पहिली खेप गेली. सात वाजता समोरच्या आजी दारात येऊन विचारू लागल्या, "पोरगा आज कामाला गेला नाही का रे? गाडी ओरडली नाही, माझं पाणी भरायचं राहिलं."

गुरुवारी दीडशे किलोमीटर झाल्यावर आम्ही पट्टा पुन्हा दाबून पाहिला. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत थोडा बसतो. तसा तो बसला होता, किंचित ताणून दिला. त्याच आकड्याचा आणखी एक नवा पट्टा भाचेसुनेने डिकीत स्टेपनीखाली ठेवला आहे, बारा आणि चौदाच्या पान्यांसकट. जुन्या पट्ट्याने आजींच्या नळाचा हलता पाइप भिंतीला बांधून दिला.